इंग्लंडच्या पायवाटांवर चालायला जाताना: आखणी परतीपासून सुरू करा

आमच्यासोबत चालायला येणारा नवा माणूस हमखास पहिला प्रश्न विचारतो, "वाट कुठली घ्यायची?" मग कोणीतरी छान फोटो दाखवतं, सगळे मान डोलावतात आणि नोव्हेंबरातल्या रविवारी पंधरा किलोमीटरचा बेत ठरतो. दुपारी साडेचारला हीच मंडळी मोबाइलच्या उजेडात चिखलातून गाडी शोधत असतात. वाट चुकली म्हणून असं होतं, असं त्यांना वाटतं. वाट क्वचितच चुकलेली असते, क्रम मात्र चुकलेला असतो. आधी परतीची वेळ, मग हातात असलेले तास, मग किलोमीटर आणि सगळ्यात शेवटी वाट, या क्रमाने आखणी केली तर बाकीच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

इथली माहिती इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरायची मुभा आहे, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा.

## १. परतीची वेळ ठरवा आणि मागे मोजत या

परतीची वेळ तीन गोष्टी ठरवतात: सूर्यास्त, शेवटची बस आणि गाडी लावलेल्या जागेचं फाटक बंद होण्याची वेळ. या तिघांपैकी जी सर्वात आधी येते, ती तुमची मर्यादा.

सूर्यास्ताचा फरक आपल्या अंगवळणी पडलेला नसतो. मुंबईत उन्हाळा आणि हिवाळा यांत सूर्यास्ताचा फरक जेमतेम सव्वा तासाचा. लंडनमध्ये जूनअखेरीस सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात चारच्याही आधी. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. आदल्या आठवड्यात आरामात पूर्ण झालेली वाट त्या रविवारी अंधारात संपते. दरवर्षी कोणीतरी यात सापडतंच.

आता एक हिशेब करून पाहू. नोव्हेंबरचा मध्य, सूर्यास्त ४ वाजून १० मिनिटांनी. एक तास राखून ठेवा, म्हणजे चालणं ३:१० ला संपलं पाहिजे. सुरुवात सकाळी १० ला. हातात ५ तास १० मिनिटं. डब्यासाठी ४५ मिनिटं काढा (अर्धा तास धरू नका, आपल्या मंडळींचे डबे अर्ध्या तासात आवरत नाहीत). फाटकं, फोटो, बुटाची लेस यांसाठी २५ मिनिटं. उरले ४ तास.

चढासाठी आणि अंतरासाठी नेस्मिथचा नियम वापरतात: सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा, म्हणजे १०० मीटरला १० मिनिटं. चढाचा भाग जसाच्या तसा घ्या. ताशी ५ किलोमीटर हा वेग मात्र सवयीच्या, एकट्या माणसाचा. मुलं, आईवडील आणि चिखल असलेल्या गटासाठी मी ३.५ धरतो. एकूण चढ ३०० मीटर असेल तर अर्धा तास गेला, राहिले साडेतीन तास. साडेतीन गुणिले साडेतीन, म्हणजे सुमारे १२ किलोमीटर. बेत १२ चाच करायचा, १५ चा नाही.

तपासा: रविवारी आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) खेड्यातल्या बसचं वेळापत्रक वेगळं असतं, काही मार्गांवर बसच नसते. जाताना बस मिळाली म्हणून येताना मिळेल असं धरू नका.

## २. योग्य नकाशा घ्या आणि त्याच्या रेषा ओळखा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. केशरी मुखपृष्ठ, प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवरचा १ किलोमीटर. गुलाबी मुखपृष्ठाचा लँडरेंजर १:५०,००० चा असतो. तो प्रदेश समजून घ्यायला चांगला, पण त्यात शेतांचे बांध नसतात. इंग्लंडमध्ये वाट शोधायची म्हणजे खरं तर बांध मोजायचे असतात, त्यामुळे तिथे लँडरेंजर तोकडा पडतो. नेहमीचे रस्ते दाखवणारं मोबाइलवरचं अ‍ॅप तर या कामाचंच नाही. त्यात निम्म्या पायवाटा नसतात आणि असलेल्यांपैकी कुठल्या खासगी आहेत ते कळत नाही.

एक्सप्लोररवर एवढं ओळखता आलं पाहिजे:

- हिरव्या आखूड तुटक रेषा: पब्लिक फुटपाथ, म्हणजे सार्वजनिक पायवाट. फक्त पायी जायचा हक्क.
- हिरव्या लांब तुटक रेषा: ब्रायडलवे. पायी, घोड्यावरून आणि सायकलवरूनही जाता येतं. पावसाळी दिवसांत घोड्यांच्या खुरांनी याचा राडा झालेला असतो, हे वेळेत धरा.
- हिरवे शंकरपाळे: नाव असलेला लांब पल्ल्याचा मार्ग.
- फिकट पिवळा भाग: मुक्त प्रवेशाची जमीन. २००० च्या कायद्यानुसार इथे वाट सोडूनही पायी फिरता येतं.
- काळ्या तुटक रेषा: जमिनीवर वाट दिसते एवढंच त्याचा अर्थ. जायचा हक्क आहे, असं ती रेषा सांगत नाही.

सगळ्यांत फसवी असते ती बारीक काळ्या ठिपक्यांची रेषा. ती वाट नसतेच, ती पॅरिशची, म्हणजे गावपातळीवरच्या प्रशासकीय विभागाची हद्द असते. मी स्वतः एकदा या ठिपक्यांमागे दोन शेतं पार करत एका काटेरी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो होतो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की इथे वाट कधीच नव्हती.

सावधान: बांधाची रेषा सलग काळी आणि वाटेची रेषा हिरवी असते. हिरवी रेषा बांधाच्या डावीकडे आहे की उजवीकडे, हे घरीच, चांगल्या उजेडात पाहून ठेवा. चुकीच्या बाजूने निघालात तर शेताच्या टोकाला गेल्यावर मध्ये कुंपण लागतं आणि सगळं अंतर मागे यावं लागतं.

## ३. आता वाट आखा, आणि पळवाटाही

किलोमीटर ठरलेत, रेषा ओळखता येतात, आता वाट. नकाशावरची निळी चौकट म्हणजे बाजूला १ किलोमीटर. पेन्सिलीने वाट काढा आणि तिचे सहा ते आठ तुकडे करा. प्रत्येक तुकडा एखाद्या ठळक खुणेशी संपावा: चर्च, पूल, रस्ता ओलांडायची जागा, जंगलाची कड. प्रत्येक तुकड्यापुढे तिथे पोचायची वेळ लिहा. "११:२० चर्च, १२:०५ पूल" असं लिहिलेला कागदाचा चिटोरा मला कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त उपयोगी पडला आहे, कारण उशीर होतोय हे तो पहिल्या तासातच सांगतो.

चढ एका टोकाचा पाहून चालत नाही. सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर असले तरी मध्ये दरी तीन वेळा उतरून चढावी लागू शकते. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सखल भागात बहुधा ५ मीटरच्या अंतराने असतात, डोंगराळ भागात १० मीटरच्या. नकाशाच्या समासात पाहून घ्या, नाहीतर सगळा हिशेब दुप्पट किंवा निम्मा होतो.

मग पळवाटा. वाटेत किमान दोन ठिकाणं अशी हवीत, जिथून थेट रस्त्याला किंवा गाडीपाशी लवकर येता येईल. आणि दोन्हींसाठी निर्णयाची वेळ लिहून ठेवा: "पुलावर १२:३० नंतर पोचलो तर डावीकडे वळून परत." घरी लिहिलेलं असलं की तिथे वाद होत नाहीत. लिहिलेलं नसलं की कोणीतरी म्हणतंच, "एवढे आलोय तर आता टेकडी करूनच जाऊ."

कठीण भाग आधी ठेवा. चढ, चिखल आणि जंगलातला गुंता सकाळच्या सत्रात, आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर रुंद, सोप्या वाटेने. बहुतेक जण गोल वाट कुठल्याही दिशेने चालतात. सोपं टोक शेवटी येईल अशीच दिशा निवडा.

## ४. आदल्या रात्री

हवामान पाहताना फक्त पावसाचं चित्र पाहून थांबू नका. मागच्या तीन दिवसांत किती पाऊस झाला, ते जास्त महत्त्वाचं. आजचं ऊन कालचा चिखल वाळवत नाही. वाट नदीकाठची असेल तर इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या पुराच्या सूचना बघा.

पिशवीत: कागदी नकाशा पाण्यापासून वाचेल अशा पाकिटात, होकायंत्र, शिट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च (उन्हाळ्यातसुद्धा), जलरोधक जाकीट, एक जादा उबदार थर, जादा मोजे, पाणी, पॉवर बँक, जखमेवर लावायच्या पट्ट्या. जीन्स घालू नका. भिजली की जड होते, अंगाला चिकटते आणि दिवसभर वाळत नाही.

मोबाइलवरून ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला संदेश पाठवायची सोय आहे, पण ती आधी नोंदवावी लागते. ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवा आणि येणाऱ्या सूचनांप्रमाणे उत्तर द्या. दोन मिनिटांचं काम आहे. दरीत बोलणं होत नाही तिथे कधीकधी संदेश जातो.

शेवटी, घरी राहणाऱ्या कोणालातरी वाट आणि परतायची वेळ कळवा, आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून मदत मागायची तेही. "संध्याकाळपर्यंत येतो" याला काही अर्थ नाही.

## ५. पहिली पंधरा मिनिटं

गप्पांच्या भरात सुरुवातीचंच वळण चुकतं. गाडी लावायच्या जागेतून बऱ्याचदा तीन-चार वाटा फुटतात आणि गट पुढे चालणाऱ्या अनोळखी लोकांमागे निघतो. म्हणून निघण्याआधी नकाशा जमिनीवर ठेवा आणि त्याची उत्तर होकायंत्राच्या उत्तरेला जुळवा. आपली वाट कुठल्या दिशेला जाते, ते एकाने मोठ्याने सांगावं, दुसऱ्याने पडताळावं.

वाटेच्या खुणा म्हणजे खांबांवरच्या, फाटकांवरच्या बाणांच्या गोल चकत्या. पिवळा बाण फुटपाथचा, निळा ब्रायडलवेचा. जांभळा आणि लाल बायवेंचे, म्हणजे वाहनं जाऊ शकतील अशा वाटांचे. लाल बाण दिसला तर त्या वाटेवर मोटारगाड्यासुद्धा येऊ शकतात. बाणाचा कोन नीट पाहा. सरळ वर असेल तर समोर, थोडा कललेला असेल तर शेतातून तिरपं. हा कल बरेच जण पाहत नाहीत.

तपासा: पहिल्या खुणेशी लिहिलेल्या वेळेला पोचलात का? दहा मिनिटांहून जास्त मागे असाल तर वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका, पुढची पळवाट मनात धरा.

## ६. शेतं, फाटकं आणि गाई

नकाशावर वाट शेताच्या मधून जात असेल तर पिकातूनच जायचं. आपल्याला ते चुकीचं वाटतं, दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय ठेवायला मन धजत नाही. म्हणून लोक सभ्यपणे बांधाबांधाने जातात आणि नेमका जिथे हक्क नाही तिथेच चालतात. शेतकऱ्याला अशी मधली वाट नांगरता येते, पण ठरावीक मुदतीत (पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत) ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. फुटपाथ असेल तर किमान १ मीटर रुंद. एकामागोमाग एक चाला, पसरू नका.

फाटक जसं सापडलं तसंच सोडा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उघडं फाटक मदत म्हणून लावून टाकलं, तर जनावरांचा पाण्याकडे जायचा रस्ता तुटू शकतो. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांना स्टाइल म्हणतात. बारा जणांच्या गटाला अशी एक स्टाइल पार करायला पाच मिनिटं सहज लागतात, आणि एका वाटेवर अशा दहा असू शकतात. गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी सोबत असेल तर स्टाइल कमी असलेली वाट निवडा.

गाईंबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण घाबरून पळतात, काही जण गावाकडच्या सवयीने पाठीवर हात फिरवायला जातात. दोन्ही नको. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. शांतपणे, लांबून वळसा घालून पुन्हा वाटेवर या. तरणे गोऱ्हे कुतूहलाने मागे येतात, तेव्हा पळू नका, त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बाजूला व्हा.

सावधान: कुत्रा सोबत असेल तर जनावरांजवळ आखूड पट्ट्याला ठेवा. पण गाय अंगावर आली तर पट्टा लगेच सोडा. तिचा रोख कुत्र्यावर असतो आणि कुत्रा तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

## ७. जंगलात

मोकळ्यावर नकाशा आणि जमीन जुळतात, जंगलात जुळत नाहीत. लाकूडतोडीच्या वाटा, सायकलवाल्यांच्या वाटा, हरणांच्या वाटा, यांतल्या बऱ्याच नकाशावर नसतातच. एपिंग फॉरेस्टसारख्या ठिकाणी दर पन्नास पावलांवर फाटा दिसतो. शरद ऋतूत बीच नावाच्या झाडांच्या जंगलात पानांचा थर एवढा जाड पडतो की जमीन सगळीकडे सारखीच दिसते. चिल्टर्न टेकड्यांमध्ये झाडांच्या बुंध्यांवर पांढरे बाण रंगवलेले असतात. तिथे खाली बघत न चालता बुंधे बघत चालायचं.

जंगलात शिरण्याआधी कडेला थांबा आणि चार गोष्टी ठरवा: आत किती अंतर आहे, दिशा कुठली, वाट चढती की उतरती, आणि पलीकडे काय लागलं म्हणजे आपण जास्त पुढे आलो. ही चौथी गोष्ट फार उपयोगी. "ओढा लागला तर वळण मागे राहिलं" असं आधीच ठरलेलं असलं की माणूस किलोमीटरभर पुढे वाहवत जात नाही.

अंतर पावलांनी मोजा. सपाटीवर १०० मीटर चालताना आपलं डावं पाऊल किती वेळा पडतं, ते घराजवळ एकदा मोजून ठेवा. बहुतेकांचा आकडा ६० ते ६५ च्या आसपास येतो. चढाला तो वाढतो. दाट झाडीत मोबाइलवरचा निळा ठिपका काही मीटर इकडेतिकडे सरकू शकतो, आणि दोन वाटा वीस मीटरवर असतील तर तेवढं पुरतं चुकायला.

लाकडांच्या रचलेल्या ओंडक्यांवर मुलांना चढू देऊ नका, ते घरंगळतात. तोडणी चालू असल्याची पाटी आणि वळणवाट दिसली तर माणसं दिसोत न दिसोत, पाळा.

## ८. दरीत

नदीकाठची वाट नकाशावर सपाट आणि सोपी दिसते. पाऊस झाला की तीच सर्वांत संथ होते. चिकणमातीत ताशी २ किलोमीटरही होत नाहीत.

पाण्यातले ओलांडायचे दगड हा फोटोंचा लाडका विषय. सरेमधल्या बॉक्स हिलच्या पायथ्याशी मोल नदीवर असे दगड आहेत; पाणी वाढलं की ते बुडतात, आणि त्यासाठीच जवळ पादचारी पूल आहे. दगड असतील तिथे जवळचा पूल नकाशावर आधीच शोधून ठेवा. वाहतं पाणी दगडावरून जात असेल तर त्यावर पाय ठेवायचा नाही. "घोट्याएवढंच आहे" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

चुनखडी आणि खडूच्या उतारावर ओली वाट साबणासारखी होते. उतरताना पावलं आखूड टाका. काठी असेल तर तिचा खरा उपयोग इथेच.

तपासा: दरीत उतरण्याआधी, वर नेटवर्क असतानाच, घरी संदेश पाठवा. खाली ते बहुधा नसेल.

## ९. कंट्री पार्क

कंट्री पार्क, म्हणजे लोकांना फिरायला राखलेलं मोठं नैसर्गिक उद्यान, सोपं वाटतं म्हणून तयारी होत नाही, आणि गोंधळ रंगांचा होतो. पार्कच्या स्वतःच्या फेऱ्यांना रंग दिलेले असतात: लाल फेरी, पिवळी फेरी, निळी फेरी. त्या पिवळ्याचा फुटपाथच्या पिवळ्याशी काही संबंध नाही. तुमची लांब वाट पार्कमधून जात असेल आणि तुम्ही पिवळे बाण धरून चालत राहिलात, तर तासाभराने पुन्हा त्याच तळ्यापाशी येता. पार्कच्या हद्दीत फलकावरची रंगांची यादी वाचा आणि बाहेर पडायचं फाटक नकाशावरूनच शोधा.

दुसरं, फाटकाची वेळ. अनेक पार्कांमध्ये गाड्यांचं फाटक संध्याकाळी कुलूपबंद होतं आणि ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते. आत येताना पाटीचा फोटो काढा.

## १०. वाट सापडेनाशी झाली तर

थांबा. पुढे जाऊन बघू, असं नको. शेवटची खात्रीची खूण कुठली होती आणि तिथून किती मिनिटं चाललो, एवढंच आठवा. दहा-पंधरा मिनिटांत परतता येत असेल तर परता. बांधावरून उडी मारून थेट रस्त्याकडे जाणं जवळचं दिसतं, पण मध्ये ओढा, काटेरी तार किंवा विजेचं कुंपण असतं.

कोणी जखमी असेल तर ९९९ किंवा ११२ लावा. डोंगराळ भागात आधी पोलीस मागा आणि माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) हवं असं सांगा. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या नेटवर्कवरून हा फोन लागू शकतो, म्हणून लावून बघाच. जागा सांगताना नकाशाचा सहा आकडी संदर्भ द्या: आधी पूर्वेकडचे तीन आकडे, मग उत्तरेकडचे तीन, सोबत चौकटीची दोन अक्षरं. हे आकडे उलट सांगितले तर मदत भलत्याच गावाला जाते. शिट्टीचा इशारा म्हणजे एका मिनिटात सहा फुंका, मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

## ११. घरी आल्यावर

बूट आधी धुवा, पण त्याच्याही आधी अंग तपासा. वसंतापासून शरदापर्यंत गवत आणि नेच्यांमधून गोचीड अंगावर चढते, तिळाएवढी किंवा त्याहूनही लहान. गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी आणि मुलांच्या केसांच्या कडेला बघा. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. तेल लावणं, पेटती काडी लावणं असले उपाय करू नका. मग साबणाने धुऊन तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराचं गोल पसरणारं चट्टं बहुधा १ ते ४ आठवड्यांत उमटतं, पण ३ महिन्यांपर्यंतही उमटू शकतं. ते दिसलं किंवा तापासारखं वाटलं तर जीपीकडे (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे) जा आणि गोचीड चावल्याची तारीख आपणहून सांगा.